शिंजी कागावाची किंमत कोण ठरवत होते?

2010 च्या उन्हाळ्यात जर्मनीतील बोरुसिया डॉर्टमुंड या क्लबने जपानमधून एकवीस वर्षांचा एक खेळाडू आणला, तेव्हा त्याच्यासाठी मोजलेली रक्कम वर्तमानपत्रांत 3 लाख 50 हजार युरो अशी छापून आली. दोनच वर्षांनी मँचेस्टर युनायटेडने त्याच खेळाडूला घेतले. या वेळचा आकडा सुरुवातीला 1 कोटी 20 लाख पौंड होता आणि कामगिरीनुसार तो 1 कोटी 70 लाखांपर्यंत वाढू शकणार होता. आणखी दोन वर्षांनी डॉर्टमुंडनेच त्याला सुमारे 80 लाख युरोंना परत नेले. म्हणजे शिंजी कागावा आधी सुमारे चाळीस पटींनी महाग झाला आणि मग जवळपास निम्म्याने स्वस्त. माणसाच्या पायातले कौशल्य इतक्या वेगाने वाढत नाही, आणि इतक्या वेगाने घटतही नाही. मग हे आकडे नेमके कशाचे होते, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर शोधताना व्यावसायिक फुटबॉलचा बराचसा व्यवहार समजून घ्यावा लागतो.

आयपीएलचा लिलाव दरवर्षी पाहणाऱ्या आपल्यासारख्यांचा येथे पहिल्याच पावलाला घोटाळा होतो. आयपीएलमध्ये खेळाडूवर लागलेली बोली हेच सहसा त्याचे त्या हंगामाचे मानधन असते. फुटबॉलमध्ये तसे नसते. कागावासाठी मँचेस्टरने दिलेले 1 कोटी 20 लाख पौंड डॉर्टमुंडच्या तिजोरीत गेले. कागावाचा पगार हा वेगळा करार होता आणि तो त्याने व त्याच्या प्रतिनिधीने नव्या क्लबशी स्वतंत्रपणे ठरवला. मग डॉर्टमुंडला पैसे कशाबद्दल मिळाले? तर करार मुदतीआधी सोडून देण्याबद्दल. क्लब खेळाडू विकत नाही, आपल्या कराराची उरलेली मुदत विकतो, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला बरेच धरून होईल.

हे एकदा ध्यानात आले की पुढचे आपोआप उलगडते. मुदत जितकी जास्त शिल्लक, तितका क्लबचा हात वर. मुदत संपत आली की तो हात खाली येतो आणि मुदत संपली की क्लबच्या हाती काहीच उरत नाही. युरोपीय न्यायालयाने 15 डिसेंबर 1995 रोजी जाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात दिलेल्या निकालाने ही गोष्ट पक्की केली. त्याआधी करार संपलेल्या खेळाडूसाठीही जुना क्लब पैसे मागू शकत असे आणि पैसे न मिळाल्यास त्याला अडवूनही ठेवू शकत असे. आता जगभर लागू असलेल्या फिफाच्या नियमांनुसार करार संपलेला खेळाडू मोकळा असतो, आणि शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी उघडपणे बोलणी करू शकतो.

जपानमध्ये मात्र देशांतर्गत बदल्यांसाठी 2009 च्या हंगामापर्यंत वेगळीच पद्धत होती. करार संपला तरी खेळाडूच्या वयानुसार ठरलेल्या गुणकाने जुन्या क्लबला भरपाई मिळत असे. खेळाडू तरुण असेल तर गुणक मोठा, आणि तिशी गाठलेल्याला शून्य. या सोयीमुळे क्लबांना दीर्घ मुदतीचे करार करण्याची निकड वाटत नव्हती, कारण खेळाडू गेला तरी पैसे येणारच होते. परदेशी क्लबांना तो गुणक बांधील नव्हता. त्यामुळे युरोपने जपानी खेळाडूंकडे लक्ष वळवले, तेव्हा हाताशी असलेले चांगले खेळाडू नाममात्र रकमेत किंवा फुकट निघून जाताना पाहण्याची वेळ तिथल्या क्लबांवर आली. ‘शून्य येनची बदली’ हा शब्दप्रयोग जपानी क्रीडापानांवर रुळला तो याच काळात.

आता कागावाकडे वळू. त्याचा जन्म 17 मार्च 1989 रोजी कोबे शहरात झाला. जपानमध्ये नव्या सम्राटाचा हेइसेई नावाचा कालखंड सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, आणि पुढे 2008 मध्ये तो राष्ट्रीय संघातून उतरला तेव्हा हेइसेई काळात जन्मलेला पहिला खेळाडू म्हणून त्याचा उल्लेख झाला. प्राथमिक शाळा संपल्यावर तो घर सोडून उत्तरेकडे सेंदाईला गेला आणि एफसी मियागी बार्सेलोना नावाच्या क्लबमध्ये शिकू लागला. नाव ऐकून स्पेनमधील बार्सेलोनाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. हा स्थानिक मुलांचा क्लब आहे. जपानी फुटबॉलपटू घडण्याच्या साधारणपणे दोन वाटा असतात. एक म्हणजे जे-लीग या जपानच्या व्यावसायिक लीगमधल्या एखाद्या क्लबचा युवा संघ, आणि दुसरी म्हणजे शाळेचा संघ, ज्यांची राष्ट्रीय स्पर्धा दर हिवाळ्यात होते आणि दूरचित्रवाणीवर मोठ्या उत्साहाने पाहिली जाते. कागावा या दोन्हींपैकी एकाही वाटेने आला नाही. 2006 मध्ये, माध्यमिक शिक्षण पुरे होण्याआधीच, ओसाकातील सेरेझो ओसाका या क्लबने त्याच्याशी व्यावसायिक करार केला. एखाद्या जे-लीग क्लबच्या युवा संघातून वर न आलेल्या मुलाच्या बाबतीत असे यापूर्वी झाले नव्हते.

नवख्या खेळाडूला जपानमध्ये फार पैसे मिळत नसत. जे-लीगने दीर्घकाळ करारांचे अ, ब, क असे तीन प्रकार ठेवले होते. नव्याने आलेल्यांचा करार ‘क’ प्रकारचा असे, त्याची वार्षिक मर्यादा 50 लाख येनच्या आत होती, आणि पहिल्या श्रेणीत 450 मिनिटे खेळून झाल्याशिवाय वरच्या प्रकारात जाता येत नसे. पाच पूर्ण सामन्यांइतका वेळ मैदानावर काढल्याशिवाय पगारवाढ नाही, असा हा हिशेब. क्लबांनी कोवळ्या मुलांवर पैसे उधळून दिवाळखोरी ओढवून घेऊ नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो साध्यही झाला, परंतु परदेशातून येणारा साधासा प्रस्तावही त्यामुळे तरुणांना भरघोस वाटू लागला, हा त्याचा दुसरा परिणाम.

सेरेझोत आल्यावर कागावाच्या आयुष्यातली पहिली महत्त्वाची बदली झाली, आणि ती क्लबची नव्हती. तो मधल्या फळीत मागे, बचावपटूंच्या पुढ्यात खेळत असे. ब्राझिलियन प्रशिक्षक लेव्हिर कुल्पी यांनी त्याला पुढे आणले आणि प्रतिस्पर्ध्यांची मधली फळी व बचाव यांच्या मधल्या पट्ट्यात मोकळे सोडले. सेरेझो तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. 2009 मध्ये कागावाने त्या श्रेणीत सर्वाधिक 27 गोल केले आणि क्लब पुन्हा पहिल्या श्रेणीत गेला. चेंडू पायाशी येण्याआधीच वळून मोकळी होणारी त्याची कंबर, अरुंद जागेत दोन छोट्या स्पर्शांत सुटण्याची सवय आणि गोलपेटीत उशिरा पण नेमक्या क्षणी शिरणे, हे सारे त्या पट्ट्यातच खुलणारे गुण होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढील सगळ्या चढउतारांचे मूळ येथे आहे.

त्या 3 लाख 50 हजार युरोंचा उलगडाही येथेच करता येतो. फिफाच्या नियमांत ‘प्रशिक्षण भरपाई’ नावाची तरतूद आहे. तेवीस वर्षांपर्यंतचा खेळाडू देश बदलून दुसऱ्या क्लबकडे गेला, तर त्याला घडवणाऱ्या क्लबला भरपाई द्यावी लागते. बाराव्या ते एकविसाव्या वर्षापर्यंतचा काळ त्यासाठी धरला जातो, आणि युरोपातील सर्वोच्च गटातल्या क्लबसाठी दर वर्षाचा दर 90 हजार युरो आहे. कागावा सेरेझोत सतराव्या वर्षी आला आणि एकविसाव्या वर्षी गेला. चार वर्षे धरली तर हिशेब 3 लाख 60 हजारांवर जातो, म्हणजे छापून आलेल्या आकड्याच्या अगदी जवळ. डॉर्टमुंडने मोजलेली रक्कम ही कागावाच्या खेळाची किंमत नव्हती. ती त्याला शिकवण्याच्या खर्चाची परतफेड म्हणावी अशी होती.

जाण्याची वेळही सेरेझोच्या दृष्टीने गैरसोयीची होती. जे-लीगचा हंगाम वसंताच्या तोंडाशी सुरू होऊन डिसेंबरात संपत असे, तर युरोपचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो. त्यामुळे युरोपीय क्लबला हंगामाच्या आरंभी खेळाडू हवा असला की जपानी क्लबला तो ऐन हंगामात सोडावा लागे. कागावाने 2010 मध्ये पहिल्या श्रेणीत 11 सामन्यांत 7 गोल केले आणि मेमध्ये निरोप घेतला. त्याच्याविना सेरेझोने तिसरे स्थान मिळवले, हे त्या संघाचे कौतुकच. वेळापत्रकाची ही ओढाताण मिटावी म्हणून 2026 च्या ऑगस्टपासून युरोपच्या धर्तीवर हंगाम चालवण्याचा निर्णय जे-लीगने डिसेंबर 2023 मध्ये घेतला.

इतके देश असताना जर्मनीच का, असाही प्रश्न येतो. यासुहिको ओकुदेरा हा 1977 मध्ये कोलनला गेला आणि बुंडेसलिगा या जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये खेळणारा पहिला जपानी ठरला. त्या वेळी जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल अस्तित्वातच नव्हते, आणि ओकुदेरा फुरुकावा इलेक्ट्रिक या कंपनीच्या संघातून खेळत होता. जे-लीग सुरू झाली ती 1993 मध्ये. ओकुदेराच्या पहिल्याच हंगामात कोलनने जर्मन लीग आणि जर्मन चषक दोन्ही जिंकले, त्यामुळे पायवाट तेव्हापासूनची. परंतु पायवाटेचा रस्ता झाला तो नियमामुळे. युरोपीय संघाबाहेरील खेळाडूंच्या संख्येवरची मर्यादा जर्मनीने 2006 मध्ये उठवली आणि तिच्याऐवजी प्रत्येक क्लबमध्ये ठरावीक संख्येने जर्मन खेळाडू असावेत असे बंधन घातले. स्वस्त, शिस्तीचा आणि नियमांची अडचण न करणारा खेळाडू कोठे मिळेल, याचे उत्तर जर्मन क्लबांना पूर्वेकडे सापडले.

डॉर्टमुंडमध्ये प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी कागावाला तोच मधला पट्टा दिला. चेंडू गमावताच मागे न पळता तिथल्या तिथे तो परत हिसकावायचा, ही क्लॉप यांची पद्धत होती आणि तीत कागावासारखा चपळ, सतत धावणारा खेळाडू चपखल बसत होता. सप्टेंबर 2010 मध्ये कट्टर प्रतिस्पर्धी शाल्केच्या मैदानावर त्याने दोन गोल केले आणि त्या दिवसानंतर डॉर्टमुंडमध्ये त्याची ओळख करून देण्याची गरज उरली नाही. पहिल्या हंगामात लीगमध्ये 8 गोल झाले होते, तेवढ्यात जानेवारी 2011 मध्ये आशिया चषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध खेळताना त्याच्या पावलाचे हाड मोडले. जपानने चषक जिंकला, डॉर्टमुंडला मात्र अर्ध्या हंगामासाठी आपला मोहरा गमवावा लागला. राष्ट्रीय संघाने बोलावले की क्लबने खेळाडू सोडलाच पाहिजे, असा फिफाचा नियम आहे. अशा दुखापतीत क्लबला खेळाडूच्या पगाराची भरपाई देणारी फिफाची योजना 2012 मध्ये आली, म्हणजे डॉर्टमुंडला ती उशिराच झाली.

तरीही लीग डॉर्टमुंडने जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, तेव्हा कागावाच्या नावावर 31 सामन्यांत 13 गोल होते. जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकचा 5-2 असा धुव्वा उडाला आणि त्यातला पहिला गोल तिसऱ्याच मिनिटाला कागावाने केला. मात्र त्याचा करार 2013 मध्ये संपणार होता आणि मुदत वाढवून घेण्यास तो राजी नव्हता. आणखी एक वर्ष ठेवून घेतले असते तर तो फुकट गेला असता. डॉर्टमुंडने विकले ते या पेचामुळे. करार तीन वर्षे शिल्लक असता तर मँचेस्टरला कितीतरी अधिक मोजावे लागले असते, असे माझे मत आहे.

या व्यवहारातून सेरेझोला आणि सेंदाईच्या त्या लहानशा क्लबला काही मिळायला हवे होते का? नियमाप्रमाणे हो. दोन देशांतील बदलीच्या प्रत्येक रकमेतून 5 टक्के वाटा खेळाडूला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांसाठी बाजूला काढला जातो. पंधराव्या वर्षापर्यंत दर वर्षाचा पाव टक्का आणि त्यानंतर दर वर्षाचा अर्धा टक्का, असे त्याचे प्रमाण आहे. 1 कोटी 20 लाख पौंडांचा अर्धा टक्का म्हणजे 60 हजार पौंड, आणि सेरेझोची चार वर्षे धरली तर 2 लाख 40 हजार. विकणाऱ्या क्लबाच्या हाती आलेल्या रकमेपुढे हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु सेंदाईच्या क्लबसाठी वर्षाला 30 हजार पौंड या दराने येणारा वाटा ही मोठी गोष्ट ठरते.

इंग्लंडमध्ये जाण्यासाठी पैशांखेरीज कामाचा परवानाही लागत असे. त्या वेळच्या नियमानुसार खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या 70 मध्ये असावा आणि मागील दोन वर्षांतील देशाच्या 75 टक्के स्पर्धात्मक सामन्यांत तो खेळलेला असावा, अशी अट होती. म्हणजे राष्ट्रीय संघातले स्थान हा केवळ मानाचा विषय नव्हता, तो इंग्लंडचा दरवाजा होता.

मँचेस्टरमध्ये काय बिनसले, याबद्दल बरेच लिहिले गेले आहे आणि त्यात शरीरयष्टी लहान पडल्याचे कारण हमखास पुढे केले जाते. मला ते पटत नाही. मँचेस्टरचे प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी कागावाला घेतले त्याच उन्हाळ्यात, काही आठवड्यांनी, आघाडीपटू रॉबिन व्हॅन पर्सीही आला. व्हॅन पर्सी सर्वांत पुढे आणि वेन रूनी त्याच्या मागे, अशी रचना ठरली, आणि कागावाचा मधला पट्टा रूनीकडे गेला. कागावा बहुतेकदा डाव्या कडेला दिसू लागला, जिथे लांब धावत जाऊन बचावपटूला मागे टाकावे लागते आणि उलट बाजूने येणाऱ्याला रोखायला परत यावे लागते. ते त्याचे काम नव्हते. तशात ऑक्टोबरमध्ये गुडघा दुखावला. मार्च 2013 मध्ये नॉर्विचविरुद्ध त्याने तीन गोल केले आणि प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. लीगचे विजेतेपदही मिळाले. पण हंगाम संपताच फर्ग्युसन निवृत्त झाले. ज्याने निवडून आणले तोच गेला की नव्या कारभारात माणसाची जी गत होते, ती कचेरीत काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. नवे प्रशिक्षक डेव्हिड मोयेस यांच्या हंगामात त्याला लीगमध्ये 18 सामने मिळाले आणि एकही गोल झाला नाही. 2014 मध्ये त्यांच्या जागी लुईस व्हॅन गाल आले तेव्हा त्याच्यासाठी जागाच उरली नव्हती.

डॉर्टमुंडला परतल्यावरच्या पहिल्या सामन्यात त्याने गोल केला, तरी तो संघही आता जुना राहिला नव्हता; त्या हंगामात डॉर्टमुंड काही काळ तळाला जाऊन पोहोचला आणि शेवटी क्लॉप यांनी क्लब सोडला. पुढचे प्रशिक्षक थॉमस टुखेल यांच्या काळात कागावा पुन्हा सावरला, 2017 मध्ये जर्मन चषक जिंकला. प्रशिक्षक म्हणून लुसियन फाव्र आल्यानंतर मात्र तो बाकावरच राहिला. 2018 च्या विश्वचषकात सारान्स्क येथे कोलंबियाविरुद्ध सहाव्या मिनिटाला त्याने पेनल्टीवर गोल केला आणि जपानने सामना 2-1 असा जिंकला, विश्वचषकात दक्षिण अमेरिकी संघाला हरवणारा आशियातील पहिला संघ होऊन. त्या वेळी क्लबमधील त्याचे दिवस भरत आले होते, हे आज मागे वळून पाहताना विचित्र वाटते.

जानेवारी 2019 च्या अखेरीस तो तुर्कस्तानच्या बेशिक्ताशकडे उसना गेला, ज्याला लोन म्हणतात. लोनमध्ये मूळ करार जुन्या क्लबशीच राहतो आणि पगाराचा बोजा दोघे आपसांत वाटून घेतात. नंतर स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीतील रिआल झारागोझाने त्याला घेतले. एक हंगाम खेळल्यावर ऑक्टोबर 2020 मध्ये हा करार मोडला गेला, आणि त्यामागे पुन्हा नियमच होता. स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत युरोपीय संघाबाहेरील दोनच खेळाडू नोंदवता येतात. दुसऱ्या कोणाला जागा हवी असेल तर आधीच्याने उठले पाहिजे.

परदेशी खेळाडूंच्या या मर्यादेची एक गोष्ट आपल्या जवळचीही आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि नंतर पुणे एफसीकडून खेळलेला अराता इझुमी हा जपानमध्ये जन्मलेला खेळाडू. वडील भारतीय वंशाचे असूनही जपानी पारपत्रामुळे तो येथे परदेशीच गणला जात होता. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा त्याने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले आणि 2013 मध्ये तो भारताच्या राष्ट्रीय संघातून खेळला. कौशल्य तेच, पाय तेच. पारपत्र बदलले आणि संघातली त्याची मोजणी बदलली.

झारागोझानंतर कागावा 2021 मध्ये ग्रीसच्या पीएओकेकडे आणि 2022 मध्ये बेल्जियमच्या सिंट-ट्रुइडेनकडे गेला. हा बेल्जियन क्लब 2017 पासून डीएमएम या जपानी कंपनीच्या मालकीचा आहे. वातारू एन्दो, ताकेहिरो तोमियासू, दाइची कामादा हे जपानी खेळाडू त्याच क्लबातून पुढे मोठ्या लीगमध्ये गेले, म्हणजे कागावाच्या पिढीने एकेकट्याने शोधलेली वाट आता जपानी भांडवलाने स्वतःच बांधून घेतली आहे. तरुण जिथून वर चढतात तिथे तो उतरणीवर आला होता, एवढाच फरक.

2023 च्या हंगामासाठी तो सेरेझो ओसाकात परतला, साडेबारा वर्षांनी. चौतिशीला आलेल्या कागावाला क्लबने मधल्या फळीत मागे, बचावपटूंच्या पुढ्यात खेळवले, म्हणजे कुल्पी यांनी त्याला जिथून उचलून पुढे आणले होते त्याच जागी.